रिमोल्ड मड टायर घेताय? आधी आत हात घाला

परवा गावाकडून आबांचा फोन. "तुझ्या बोलेरोला ते दातेरी टायर टाकलेस ना, कुठून आणलेस? आमच्या बाळ्याला पण टाकायचेत, म्हणतो निम्म्या पैशात होतात." म्हटलं आबा, होतात निम्म्या पैशात, पण त्याचं असं आहे की... आणि सांगायला बसलो तो पाऊण तास गेला, शेवटी आबा म्हणाले "हे सगळं त्यालाच लिहून पाठव, मला काय समजंना." म्हणून लिहितोय. बाळ्यासाठी आहे, पण ज्यांची गाडी आठवडाभर डांबरावर आणि रविवारी चिखलात असते त्या सगळ्यांना उपयोगी पडेल.

आधी रिमोल्ड म्हणजे काय ते. टायरचे ढोबळ दोन भाग धरा. रस्त्याला टेकतं ते वरचं जाड रबर आणि त्यावरची नक्षी, त्याला ट्रेड म्हणतात. त्याच्या खालचं बाकी सगळं, म्हणजे दोऱ्यांचे थर, रेडियल असेल तर स्टीलच्या तारांचे पट्टे, बाजूच्या भिंती, रिममध्ये घट्ट बसणारी तारेची कड, हे सगळं मिळून केसिंग. गाडीचं वजन पेलते ती आतली हवा, आणि ती हवा धरून ठेवतं केसिंग. ट्रेड बिचारा झिजायलाच असतो. तो झिजला पण खालचं अंग धडधाकट असेल तर जुनं रबर खरवडून काढायचं आणि नवीन चढवायचं, बस. आपल्याकडे याला कुणी रबरिंग म्हणतं, कुणी रिट्रेड, कुणी रिमोल्ड, आणि दुकानात तिन्ही शब्द एकाच अर्थाने फेकले जातात.

आणि हे काही चोरबाजारातलं काम नाही हां. एसटी महामंडळाचे स्वतःचे टायर रिट्रेडिंगचे प्लांट आहेत, ट्रकवाले एकेका केसिंगवर दोन दोन तीन तीन वेळा रबर चढवतात, विमानाच्या टायरांवर सुद्धा चढवतात आणि तेही बऱ्याच वेळा. मग आपण का घाबरायचं? घाबरायचं नाही, पण एक फरक लक्षात घ्यायचा. एसटीवाल्यांना किंवा मोठ्या ट्रान्सपोर्टवाल्याला तो टायर कुठल्या गाडीवर होता, किती पळाला, कधी पंक्चर झाला हे माहीत असतं, कारण टायर त्यांचाच असतो, आपला टायर दिला आणि आपलाच परत घेतला. तुम्ही दुकानात रांगेत लावलेला तयार रिमोल्ड उचलता तेव्हा त्याची कुंडली तुमच्याकडे नसते. तो आधी कुणाच्या इनोव्हाला होता, त्याने तो अर्ध्या हवेवर पन्नास किलोमीटर हाणला होता का, काही म्हणजे काही कळत नाही. म्हणून मी सगळ्यांना एकच सांगतो, तुम्ही नक्षी विकत घेत नाही आहात, केसिंग विकत घेताय. नक्षी दिसते, केसिंग दिसत नाही, आणि पैसे न दिसणाऱ्या गोष्टीचे असतात.

आता रबर चढवायच्या दोन पद्धती, त्या माहीत असल्या की दुकानात कुणी येडं बनवत नाही. एक कोल्ड. यात नक्षी पाडलेली, आधीच पकवलेली रबराची लांब पट्टी येते, खरवडलेल्या केसिंगवर मधे एक चिकट रबराचा पातळ थर लावून ती गुंडाळतात आणि रबरी पिशवीत घालून मोठ्या बंद भट्टीत १०० डिग्रीच्या आसपास काही तास दाबाखाली ठेवतात. मधला थर शिजतो आणि पट्टी बसते. ट्रकला हे जास्त चालतं, आपल्याकडे एमआरएफ, इंडॅग, एल्गी यांच्या पट्ट्या सगळीकडे मिळतात. दुसरी हॉट. यात कच्चं रबर केसिंगवर चढवतात आणि अख्खा टायर साच्यात घालून दीडशेच्या आसपास तापमानाला शिजवतात, नक्षी साच्यातच उमटते. याच्यातला पूर्ण प्रकार म्हणजे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, बाजूच्या भिंतींवर सुद्धा नवीन रबराचा पातळ थर, आणि खरं तर रिमोल्ड हा शब्द यालाच शोभतो. जीप, एसयूव्हीसाठीचे जे मड पॅटर्नचे, म्हणजे चिखलासाठी मोठ्या दातांचे, रिमोल्ड असतात ते जास्त करून असेच. युरोपात इन्सा टर्बो, मालातेस्ता वगैरे कंपन्या हेच करतात, आणि तिकडे कारच्या रिट्रेड टायरला आर १०८ नावाचा नियम आहे, वजन आणि वेगाची टेस्ट पास करावी लागते आणि टायरवर रिट्रेड असा शब्द छापावा लागतो.

पूर्ण रिमोल्ड दिसायला इतका सुंदर दिसतो की नव्याशेजारी ठेवला तर पटकन ओळखू येत नाही. आणि तिथेच गोम आहे. भिंतीवर पण नवीन रबर चढल्यामुळे जुन्या कंपनीचं नाव, जुनी तारीख, बारीक चिरा, सगळं झाकलं जातं. चार टायर एकसारखे दिसतात आणि आत चार वेगळ्या कंपन्यांची केसिंग असू शकतात, एक कडक, एक मऊ, एक दोन किलोने जड. मग गाडी ७० ला हात सोडला की डावीकडे जाते आणि तुम्ही अलाइनमेंटवाल्याला शिव्या घालता.

मी पहिल्यांदा घ्यायला गेलो तेव्हा मी पण नक्षीच बघत होतो. अंगठा घालून खोली मोजतोय, वास घेतोय (नव्या रबराचा वास काय विचारू नका). दुकानातले म्हातारे चाचा बराच वेळ बघत होते, मग म्हणाले, "साहेब, वरून सगळे नवरदेवच दिसतात. आत हात घाला." आणि त्यांनी स्वतः एक टायर आडवा पाडला, त्यावर गुडघा टेकला, कड फाकवली आणि माझा हात धरून आत फिरवला. एका जागी गुळगुळीत अस्तर संपून खरखरीत लागलं, पूर्ण गोलभर, जशी आत कुणीतरी दोरी ओढलीय. हात बाहेर काढला तर बोटांना काळा चुरा. म्हणाले हा टायर हवा नसताना पळालाय, भिंत आतल्या आत चुरगळलीय, याला वरून सोन्याचं रबर लावलं तरी हा एक दिवस फुटणार. आणि त्यांनी तो बाजूला काढला. तो त्यांचाच माल होता हे लक्षात घ्या.

तर बघायचं काय, तर आत मोबाईलचा टॉर्च मारून पूर्ण गोल फिरवायचा. गेटर म्हणजे आतून लावलेला मोठा तुकडा दिसला तर सरळ ठेवून द्यायचा. मधल्या भागात एखादं नीट काढलेलं पंक्चर चालतं, भिंतीतलं पंक्चर अजिबात चालत नाही. मग बाहेरून भिंतीवर तळहात फिरवायचा, हवा भरलेली असताना. रेडियलच्या भिंतीत बारीक उभी खळगी लागली तर घाबरू नका, आत दोऱ्यांचा जोड असतो तिथे तशी येते, पण बाहेर आलेला फुगा लागला तर विषय संपला. रिममध्ये बसते ती कड बघा, तिथे तार उघडी पडली असेल किंवा रबराचे टवके उडाले असतील तर टायर काढघाल करताना कुणीतरी टॉमीने झोडपलाय. नवीन रबर आणि जुनं अंग जिथे जुळतं त्या खांद्याच्या रेषेवर नख लावून बघायचं, नख आत शिरतंय म्हणजे जोड उघडतोय. आणि शेवटी पान्याने ट्रेडवर ठिकठिकाणी ठोकून ऐकायचं. सगळीकडे टणटण आणि एका जागी भद्द आवाज आला तर तिथे आत थर सुटलाय.

तारखेचं पण सांगतो. टायरवर डॉट या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. रिमोल्डवर केसिंगची ही तारीख शाबूत असेल तर उत्तम, खरवडली असेल तर दुकानदाराला विचारा आणि उत्तर देताना तो कुठे बघतो ते बघा. रबर नुसतं पडून सुद्धा म्हातारं होतं, कडक होतं, चिरा पडतात, त्यामुळे सहा वर्षांच्या पुढचं केसिंग मी फुकट दिलं तरी हायवेच्या गाडीला लावणार नाही. ट्रॉलीला लावा.

अजून एक जात आहे, तिच्यापासून तर लांबच राहा. गोटा झालेल्या टायरला गरम पात्याने खाचा पाडून "नक्षी शिल्लक आहे" म्हणून विकतात. त्याच्यावर रबर चढवलेलंच नसतं, उलट होतं नव्हतं ते कोरून काढलेलं असतं. ओळखायचं सोपं आहे, खाचेच्या तळाशी बघा, कधीकधी दोरा किंवा तार डोकावत असते. कायद्याने चारचाकीला ट्रेड कमीत कमी १.६ मिलिमीटर लागतो आणि खाचेच्या तळाशी त्या उंचीचे छोटे उंचवटे असतात, कोरलेल्या टायरमध्ये ते उंचवटेच कापले गेलेले असतात.

आता मड पॅटर्नकडे. चिखलात साधा टायर जागच्या जागी का फिरतो? त्याला पकड नसते असं नाही, त्याच्या खाचा चिखलाने भरतात आणि तो गोटा होतो, दोन फेऱ्यांत. मड टायरचे ठोकळे मोठे, त्यांच्यामधली जागा रुंद आणि खोल, त्यामुळे चाक फिरलं की आतला चिखल फेकला जातो आणि कोरे दात पुन्हा मातीत शिरतात. म्हणून चिखलात अगदीच मुंगीच्या पावलाने चाललात तर मड टायर पण भरून जातो, चाक थोडं फिरतं ठेवावं लागतं. पण हे सगळं माती कुठली यावर आहे बरं का. आमच्या भोरकडे भातखाचरांच्या बाजूने जो रस्ता जातो तिथे वर वीतभर राड आणि खाली मुरूम, तिथे मड टायर राजा आहे, राड कापून खालचा मुरूम धरतो, अरुंद टायर असेल तर अजून भारी. कोकणात जांभ्यावर पण जवळपास तेच. पण मराठवाडा, विदर्भातली काळी माती पावसात भिजली की खाली तळच लागत नाही, तिथे दात जितके खोल तितकी गाडी स्वतःची कबर खणते, तिथे टायर बदलण्यापेक्षा गाडी बांधावर लावून चालत गेलेलं बरं. समुद्राच्या वाळूत तर उलटंच, मड टायर वाळू उकरतो. दर सुट्टीला कोकणात कुणीतरी नवी कोरी गाडी वाळूत रुतवून भरतीची वाट बघत असतो, त्याला टायर वाचवत नाही. आणि सह्याद्रीतल्या दगडांवर खरा शत्रू चिखल नसून बेसाल्टच्या धारदार कडा, त्या ट्रेडला नाही तर भिंतीला कापतात, आणि रिमोल्डच्या भिंतीवर कितीही नवीन रबर दिसलं तरी आतले दोरे जुनेच आहेत.

हे झालं चिखलाचं. आता माझा हिशोब सांगतो म्हणजे तुमचा तुम्हाला कळेल. पुण्याहून निघायचं, कात्रज, हायवेने कापूरहोळ, तिथून भोर, आणि मग शेताकडचा कच्चा रस्ता. डांबर पंचावन्न किलोमीटर, कच्चा तीन. आणि त्या तीनमध्ये पण चिखल फक्त जून ते ऑक्टोबर. म्हणजे मी तीन किलोमीटरसाठी पंचावन्न किलोमीटर गुरगुर ऐकत जातो. मड टायरचा आवाज हा आवाज नसतो, ते गाडीत बसलेलं अजून एक माणूस असतं. ४० ला घुंई, ६० ला हूंऽऽ, ८० ला बायको म्हणते गाणी बंद कर काहीच ऐकू येत नाहीये. शिवाय टायर जड, डिझेल जास्त.

पण आवाजाने कुणी मरत नाही. ओल्या डांबरावरचा ब्रेक हा खरा मुद्दा. रस्त्याला टेकणारं रबर कमी, ठोकळ्यांवर बारीक चिरा कमी, आणि रबर टिकावं म्हणून बऱ्याचदा कडक. साचलेलं पाणी रुंद खाचांतून निघून जातं हे खरं, पण गुळगुळीत डांबरावर जो पाण्याचा पातळ थर असतो, विशेषतः पहिल्या पावसात तेल वर आलेलं असताना, तिथे हा टायर साध्या टायरपेक्षा लांब जाऊन थांबतो. पहिल्या वर्षी मी शहाणपणा केला, मागे दोन मड रिमोल्ड आणि पुढे साधे, कारण बोलेरोची ताकद मागच्या चाकांना आणि पैसे पण वाचले. जूनमध्ये वरंधा घाटात महाडच्या बाजूला उतरताना एका वळणावर मी जरा उशिरा ब्रेक दाबला, पुढची चाकं वळली, मागचं बूड सरळच निघालं. स्पीड तीसही नसेल. समोर कुणी नव्हतं म्हणून आज हे लिहितोय. रिमोल्ड वाईट होता असं नाही, तो टायर आजही धड आहे, पण पुढे चांगली पकड आणि मागे कमी पकड हे ओल्यात सगळ्यात वाईट जुळणी. मग उलटं करावं का, पुढे रिमोल्ड मागे साधे? नको. पुढचा टायर फुटला तर स्टेअरिंग हातात राहत नाही, अमेरिकेत तर बसच्या पुढच्या चाकांना रिट्रेड लावायला कायद्यानेच बंदी आहे. म्हणजे लावायचे तर चारही एकसारखे आणि वेग आवरायचा, किंवा लावायचेच नाहीत. मी आता काय केलंय ते खाली सांगतो.

फोर बाय फोर असेल, म्हणजे चारही चाकांना ताकद देता येणारी गाडी, थार, जिम्नी, जिप्सी वगैरे, तर अजून एक काळजी. या गाड्यांत फोर व्हील टाकलं की पुढचा आणि मागचा ॲक्सल एकाच वेगाने फिरायला बांधले जातात, मधे फरक सोडवणारं काही नसतं. चाकांचा घेर वेगळा असेल तर तो फरक गिअर आणि शाफ्टवर पीळ म्हणून बसतो. चिखलात चाक घसरून पीळ सुटतो, कोरड्या कडक रस्त्यावर सुटत नाही आणि काहीतरी मोडतं. रिमोल्डमध्ये केसिंग वेगवेगळी म्हणून घेर पण थोडा वेगवेगळा येतो. त्यामुळे मेजर टेप घेऊन जायची, हवा भरून ट्रेडच्या मधोमध गोल गुंडाळायची आणि चौघांचं माप लिहायचं. माझ्या बोलेरोच्या साईजचा, २१५/७५ आर १५ चा, घेर साधारण २२१ सेंटिमीटर येतो, चारांत एक सेंटिमीटरच्या आत फरक असेल तर मी घेतो, दोनच्या वर गेला तर दुसरा दाखवा म्हणतो. दुकानदार वेड्यात काढतो, काढू दे.

साईज वाढवायचा मोह सगळ्यांना होतो. त्याच बोलेरोला २३५/७५ आर १५ टाकला तर चाकाची उंची ७०३ मिलिमीटरवरून ७३३ वर जाते, म्हणजे मीटर १०० दाखवतो तेव्हा गाडी १०४ ला असते, पिकअप बसतो, ब्रेकवर लोड येतो आणि पूर्ण स्टेअरिंग मारलं की कुठेतरी घासतं. तीन सेंटिमीटर उंचीतून गाडीचं पोट वर येतं फक्त दीड. कंपनीच्या साईजलाच राहा. आणि साईजच्या पुढे जो आकडा आणि अक्षर असतं ते वाचा, १०० म्हणजे एक टायर ८०० किलो पेलतो, एस म्हणजे १८० पर्यंत, क्यू म्हणजे १६०. रिमोल्डवर हे छापलेलंच नसेल तर मी तो पुढे बघत पण नाही.

हवेचं. चिखलात रुतायची वेळ आली की हवा १८-२० पीएसआयपर्यंत उतरवली की टायर पसरतो आणि गाडी निघते, हे सगळ्यांना माहीत असतं, पण परत डांबरावर आल्यावर हवा भरायची हे कुणाला आठवत नाही. कमी हवेत भिंत प्रत्येक फेरीला दुमडते आणि तापते, उंच ठोकळे आधीच डांबरावर हलून तापत असतात, त्यात मे महिन्याचा रस्ता. नवीन रबर आणि जुनं केसिंग यांच्यामधला जोड याच गर्मीने सुटतो. हायवेच्या कडेला रबराच्या लांब लांब साली पडलेल्या दिसतात त्या बघून लोक म्हणतात बघा रिमोल्ड, पण त्यातल्या कित्येक कमी हवेवर नाहीतर ओव्हरलोड पळवलेल्या, कधी रबर न चढवलेल्या टायरच्या पण असतात. बारा व्होल्टचा छोटा पंप गाडीत ठेवा, पंधराशे-दोन हजारात येतो, ते पैसे टायरच्याच बजेटमध्ये धरा.

मग घ्यावेत का? गाडी मुख्यतः शेतावर, वाडीवर, खाणीवर, वेग साठच्या आत, तर बिनधास्त घ्या, इंपोर्टेड ब्रँडचे मड टेरेन घ्यायचे म्हटले तर पाच टायरांचा हिशोब लाखाला सहज भिडतो आणि ते भातखाचरात घालायला जिवावर येतं. आठवड्याला पुणे-मुंबई एक्सप्रेसवे असेल तर नका घेऊ, सरळ नवीन ऑल टेरेन घ्या, त्याची नक्षी मधली असते, ऐंशी टक्के चिखल तो पण काढतो. आणि माझ्यासारखं दोन्हीकडे पाय असेल तर माझा आताचा उपाय हा, की जुन्या भंगारातून चार लोखंडी रिम घेतल्या, त्यांच्यावर चार मड रिमोल्ड चढवून शेतावरच्या पडवीत ठेवलेत. जूनमध्ये गाडी तिकडे मुक्कामी असली की लावायचे, ऑक्टोबरला काढायचे, आणि पावसाळ्यात पुण्याला यायची वेळ आली तर साठच्या वर जायचं नाही. जॅक लावायला अर्धा तास जातो, जाऊ दे.

नवीन लावल्यावर बॅलन्सिंग करून घ्या, आणि त्यात एखाद्या चाकाला शिशाची ढीगभर वजनं लावावी लागत असतील तर तो टायर परत करा, वाकडा आहे. पन्नास किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळा. पहिल्या लांब फेरीत अर्ध्या तासाने थांबून चारही टायरना हात लावून बघा, एक बाकी तिघांपेक्षा जास्त गरम लागला तर त्याची हवा बघा, हवा बरोबर असेल तर तो टायर घरी परत पोचेपर्यंत चाळीसच्या वर नेऊ नका आणि दुसऱ्या दिवशी दुकानात.

बाळ्या, शनिवारी येणार असशील तर टेप आणि टॉर्च घेऊन ये, मी येतो चाचांकडे. पांढरा शर्ट घालून येऊ नकोस, खांद्यापर्यंत हात काळा होतो.